न विचारणारा सोबती

भुसावळात आयुष्य काढलेल्या माणसाला प्रवासाचे फारसे नवल उरत नाही. रात्री दोनला जाग आली तरी कोणती ना कोणती गाडी फलाटाला लागल्याचा आवाज कानावर येतो, आणि ही इटारसीकडची की नागपूरकडची, हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगणारे म्हातारे आमच्या गल्लीत अजून आहेत. सगळा देश आमच्या गावावरून जातो, थोडा वेळ थांबतो, केळी घेतो आणि पुढे निघून जातो. त्यामुळे कोण कुठे चालला आहे, याकडे आम्ही लक्ष देत नाही. कोण बरोबर काय घेऊन चालला आहे, हे मात्र बघतो. बदली झालेल्या बिऱ्हाडाबरोबर पत्र्याची ट्रंक असते, लोणच्याची बरणी असते, तुळशीची कुंडी असते. एखादी म्हातारी देवघरातले देव फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेली असते. माणसाला काय मागे ठेववत नाही, हे त्याच्या सामानावरून कळते. त्याच्या बोलण्यावरून कळतेच असे नाही.

अलीकडे या लवाजम्यात एक नवा सोबती दिसू लागला आहे. सुरतेहून नागपूरकडे जाणारा हमरस्ता आमच्या गावाला लागूनच जातो. दिवाळीची सुट्टी लागली की त्या रस्त्यावर मोटारींची रीघ लागते, आणि मधूनच एखाद्या मोटारीच्या खिडकीतून कुत्र्याचे तोंड बाहेर आलेले दिसते. कान वाऱ्यावर, जीभ बाहेर, डोळे अर्धवट मिटलेले. कोणी चिखलदऱ्याला निघालेला असतो, कोणी पार जगन्नाथपुरीला, आणि घरचे कुत्रे बरोबर घेतलेले असते. नाहाटा चौफुलीवर गर्दीत गाडी अडकली की शाळेतून सुटलेली पोरे त्या कुत्र्याला हात हलवून टाटा करतात. पाहून बरे वाटते. आणि थोडा वेळ बरे वाटून झाल्यावर मास्तराच्या डोक्यात किडा वळवळू लागतो: त्या कुत्र्याला ठाऊक आहे का, आपण कुठे चाललो आहोत ते?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. माणूस सोबतीला घेतला तर तो विचारतो. कुठे जायचे, किती दिवस, कुणाकडे उतरायचे, जेवायचे काय, परत कधी. परतीचे तर आपल्याला इतके अगत्य की घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे, असे आईने शिकवलेले असते. चुकून ‘जातो’ तोंडातून गेलेच, तर ती उंबऱ्यातून मागे बोलावते आणि ‘येतो’ म्हणायला लावते. आपल्या बोलीत निघण्याच्या शब्दातच परतण्याचे वचन आहे. कुत्र्याला यांतले काही विचारता येत नाही, आणि आपल्यालाही त्याला काही सांगता येत नाही. गाडीचे दार उघडले की ते उडी मारून आत बसते, आणि आपण म्हणतो, बघा, किती आनंदाने आले. आनंद खराच असतो. पण तो होकार जगन्नाथपुरीला नसतो. तो आपल्याला असतो. मुक्कामाचे नाव त्याला कोणी सांगितलेलेच नाही. त्याने कोऱ्या कागदावर अंगठा दिलेला आहे. कोऱ्या कागदावर अंगठा घेणाऱ्या सावकाराला आपण काय म्हणतो, ते खानदेशात तरी सांगायला नको. मग कुत्रे घेऊन दूरच्या वाटेला लागलेला माणूस त्या सावकाराहून वेगळा कधी ठरतो?

हे सगळे मनात येण्याचे कारण आमचे गार्डसाहेब. आमच्या घरामागे रेल्वेची जुनी वसाहत आहे, तिथे ते राहत. २०२२ साली रेल्वेने गार्डांना ट्रेन मॅनेजर असे नवे नाव दिले, पण गल्लीने ते काही मनावर घेतले नाही. मूळचे ते खरगपूरकडचे. मात्र तीस वर्षे भुसावळात काढल्यामुळे शेवभाजी खाताना आमच्यासारखेच घाम पुशीत. त्यांच्या क्वार्टरसमोर एक गावठी कुत्रा असे, तांबूस रंगाचा, एक कान मुडपलेला. दिवसभर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच ये-जा करी, म्हणून त्याचे नाव पडले शंटर. तो त्यांचा होता असे म्हणणेही पुरते खरे नव्हे. भाकरी सात घरची खाई. झोपे मात्र त्यांच्या पायरीवर.

गार्डसाहेब निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचे होते आणि खरगपूरला भावाशेजारी दोन खोल्या बांधून तयार होत्या. शंटरचे काय करायचे? वसाहतीला हा प्रश्न नवा नव्हता. बदली झाली की बिऱ्हाड जाते आणि कुत्रे राहते. काही दिवस ते कुलूप लागलेल्या दारासमोर बसून असते. मग नवे बिऱ्हाड येते, दार उघडते, त्यातून दुसरीच माणसे बाहेर येतात. कुत्रे उठून त्यांच्याकडे बघते आणि पुन्हा खाली बसते. अशी दोन-तीन कुत्री मी पाहिली आहेत. मरत नाहीत ती. कोणी ना कोणी तुकडा टाकतो.

रेल्वेने कुत्रा नेता येतो. पहिल्या वर्गातली अख्खी खोली आपल्या नावावर असेल तर तो आपल्याजवळ बसतो. नाहीतर त्याची पावती फाडायची आणि गार्डाच्या डब्यात कुत्र्यांसाठी जी पेटी असते, त्या डॉग बॉक्समध्ये त्याला ठेवायचा. गार्डसाहेबांना ही पेटी पुरती ठाऊक होती; सारी नोकरी तिच्या शेजारीच झाली होती.

“नियमात वावगं काही नाही, मास्तर,” ते म्हणाले. “माणसांच्या डब्यात कुणाला चावलं तर? पण आतून येणारा आवाज मी रात्र रात्र ऐकलेला आहे. पहिल्या स्टेशनापर्यंत भुंकतो, दुसऱ्यापर्यंत कण्हतो. मग गप्प होतो. ते गप्प होणं मला ऐकवत नाही.”

सामान न्यायला टेम्पो ठरलेलाच होता. गार्डसाहेबांनी बायकोला गाडीत बसवून दिले आणि स्वतः शंटरला घेऊन टेम्पोने निघाले. फलाटावर त्या बाई आम्हा सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाल्या, “एवढी वर्षं संसार केला, तर मला एकटीला गाडीत बसवलं, आणि कुत्र्याबरोबर पाच दिवस टेम्पोत!” सगळे हसले. गार्डसाहेबही हसले, पण जरा उशिरा.

भुसावळ ते खरगपूर म्हणजे सुमारे १४०० किलोमीटर. मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर. पुढे भंडारा, देवरी, राजनांदगाव, रायपूर. त्यापुढे संबळपूर, केऊंझर. गार्डाच्या सवयीने त्यांनी प्रत्येक थांब्याची वेळ वहीत टिपली आणि पोहोचल्यावर मला लांबलचक पत्र लिहिले. हल्ली पत्र कोण लिहितो? म्हणून ते मी जपून ठेवले आहे.

वरणगावला, म्हणजे जेमतेम पंधरा किलोमीटरवर, त्यांनी टेम्पो थांबवला आणि शंटरला खाली सोडले. मनात हे, की त्याला परत जायचे असेल तर इथून वाट सापडेल. शंटर उतरला, बाभळीच्या बुंध्याशी पाय वर केला, इकडे तिकडे हुंगले आणि पुन्हा येऊन चढून बसला. ड्रायव्हर म्हणाला, बघा, त्याला यायचेच आहे. गार्डसाहेब लिहितात: “मला ते पटलं नाही. तो माझ्याजवळ आला. खरगपूरला यायचं आहे, असं तो कुठे म्हणाला?”

अकोला आणि अमरावती यांच्या दरम्यानचा ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून जागतिक विक्रम झाला होता. त्या गुळगुळीत रस्त्यावर ड्रायव्हर खुशीत आला आणि शंटरला उलटी झाली. जन्मभर स्वतःच्या पायांनी चाललेल्या जिवाच्या पोटाला तो वेग नवा होता. नागपुरात लॉजवाल्याने कुत्रा आत घेतला नाही. गार्डसाहेबांनी सामानातली गादी उलगडली आणि डिसेंबरच्या थंडीत टेम्पोतच पाठ टेकली. देवरीच्या अलीकडे जंगल लागते. तिथे रात्री गाडी थांबवली तर शंटर खाली उतरेना. नाक बाहेर काढून, पाठीवरचे केस उभे करून नुसता थरथरत राहिला. अंधारात काय होते, ते दोघा माणसांना शेवटपर्यंत कळले नाही. आणि प्रत्येक थांब्यावर त्या त्या गावची कुत्री अंगावर धावून येत. शंटर भुसावळात ज्या शंभर पावलांचा राजा होता, ते राज्य वरणगावच्या आधीच संपले होते. माणूस परक्या मुलखात गेला की पाहुणा होतो. कुत्रे गेले की घुसखोर होते.

छत्तीसगड ओलांडता ओलांडता भाकरी संपली आणि भात सुरू झाला. शंटरचे पोट बिघडले. सरायपालीजवळ अर्धा दिवस गेला. गुरांच्या डॉक्टरकडून औषध आणले. ड्रायव्हरने थांबल्याचे पैसे वेगळे लावले. संबळपूरपाशी एका ढाब्यावर ड्रायव्हरच म्हणाला, “साहेब, याला इथंच सोडा. ढाब्यावर हाडं मिळतील, मजेत राहील. तुम्ही तरी किती सोसणार?” वाईट मनाने बोलला नाही तो. त्याचेही चार दिवस हाल झाले होते.

गार्डसाहेबांचे उत्तर असे: “वरणगावला सोडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. इथून त्याला परतीची वाट माहीत नाही.”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. गार्डसाहेबांनी शंटरला वसाहतीतच ठेवले असते, सात घरांच्या हवाली केले असते, तर मी त्यांना बोल लावला नसता. खरे सांगायचे तर तेच बरे होते, असे माझे आजही मत आहे. शंटरला भुसावळ होते; गार्डसाहेब हा त्या भुसावळाचा एक भाग होता. पण एकदा वरणगाव मागे पडले की हिशेब बदलतो. प्रत्येक मैलागणिक कुत्र्याच्या ओळखीचे एक एक झाड, एक एक वास मागे पडत जातो, आणि शेवटी साऱ्या जगात त्याच्या ओळखीची एकच वस्तू उरते: त्याला घेऊन आलेला माणूस. त्याची ही अवस्था त्या माणसानेच केलेली असते. ढाब्यावर हाडे मिळतील हे खरे आहे. पण म्हणून ते ऋण फिटत नाही.

ड्रायव्हरचे बोलणे वाचताना मला इंद्र आठवला. महाभारतातले महाप्रस्थानिक पर्व तीनच अध्यायांचे, अगदी लहान. आपल्याला त्यातला शेवट तेवढा ठाऊक असतो, पण तो मुळात एक लांबलचक प्रवास आहे. पाच भाऊ, द्रौपदी आणि सातवा कुत्रा, अशी सात जणे हस्तिनापुराहून निघाली. पूर्वेला गेली, दक्षिणेला वळली, पश्चिमेला समुद्रात बुडालेली द्वारका पाहिली आणि उत्तरेला हिमालय चढू लागली. साऱ्या देशाला प्रदक्षिणाच झाली. कुत्र्याला कोणी बोलावले नव्हते. ते आपले मागून चालत होते. वाटेत द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीम पडले. दर वेळी भीम विचारी, हे माणूस का पडले? आणि युधिष्ठिर चालता चालता कारण सांगे. द्रौपदीचा अर्जुनाकडे ओढा होता. सहदेवाला शहाणपणाचा गर्व, नकुलाला रूपाचा. अर्जुनाने एका दिवसात शत्रू मारण्याची बढाई मारली होती. भीम स्वतः पडला तेव्हा त्याला उत्तर मिळाले, की तू फार खात होतास आणि बळाची फुशारकी मारीत होतास. मागे वळून मात्र युधिष्ठिराने पाहिले नाही.

आणि तोच माणूस इंद्राचा रथ दारात उभा असता म्हणतो, हे कुत्रे बरोबर आल्याशिवाय मी चढणार नाही.

सातवीच्या वर्गात ही गोष्ट सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, बायकोसाठी थांबला नाही, भावांसाठी थांबला नाही, आणि कुत्र्यासाठी थांबला? हा कसला धर्मराज?” वर्ग हसला, पण मुलीचा प्रश्न इंद्राचाच होता. इंद्रही नेमके हेच विचारतो: भाऊ आणि भार्या सोडलीस, मग हे कुत्रे का सोडवत नाही? आमच्या वसाहतीतल्या एक मावशी याच प्रश्नाची मराठी करून म्हणतात, “आईला वृद्धाश्रमात ठेवायचं आणि कुत्र्याला गाडीतून गाव दाखवायचं!” या बोलण्यात मत्सर आहे असे म्हणून ते झटकून टाकता येत नाही. माणसाच्या चुका आपण मोजतो. त्या मोजता मोजता पुढे चालू लागतो. कुत्र्याच्या खात्यावर मांडायला काही नसते. ते उलट बोलत नाही, वाटणी मागत नाही, जुने उकरून काढत नाही. अशा जिवावर माया करणे सोपेच आहे, आणि सोप्या मायेला धर्म म्हणावे का, हा मावशींचा खरा सवाल.

युधिष्ठिराने इंद्राला दिलेले उत्तर मी त्या मुलीला सांगितले. कुत्रे भावांहून थोर आहे, असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, ते मेले होते. मेलेल्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. बस्स, एवढेच. आपल्यावर विसंबून आलेल्याला जिवंतपणी सोडणे हे त्याच्या लेखी शरण आलेल्याला भय दाखवणे, स्त्रीहत्या, ब्राह्मणाचे धन हरणे आणि मित्रद्रोह या चार पातकांच्या तोलाचे आहे. म्हणजे मावशींचा टोला ज्याच्या आईचे डोळे अजून दाराकडे लागलेले आहेत, त्याला बसतोच. कुत्र्यावरच्या मायेने तो चुकवता येत नाही. मुलीचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, “पण मागे वळून बघायला काय हरकत होती?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. व्यासांकडेही असेल असे वाटत नाही.

ते कुत्रे म्हणजे साक्षात यमधर्म होता, हे पुढे कळते. कीर्तनात इथे टाळ्या पडतात. मला मात्र ही गोष्ट त्याच्या एक ओळ आधी संपवावीशी वाटते. कुत्र्याच्या जागी देव निघाला म्हणून युधिष्ठिर बरोबर ठरला, असे मुलांच्या मनावर ठसले तर सगळाच घोटाळा. त्या क्षणी त्याच्यासमोर एक थकलेले, धुळीने माखलेले जनावर होते, आणि परतीची वाट नव्हती.

आपल्या कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा १९६० चा कायदा सांगतो, की भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावराला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. युधिष्ठिराने चार महापातके एका पारड्यात घातली होती. आम्ही पन्नास रुपये घातले. अर्थात कायद्याला तरी किती दोष द्यावा? हमरस्त्यावर मोटारीचे दार उघडून पाळलेले कुत्रे उतरवणारा माणूस तेवढ्यात दार लावून निघून जातो, आणि कुत्रे तक्रार लिहायला चौकीवर जात नाही. महाभारताच्या अगदी आरंभी मात्र एक कुत्री तक्रार घेऊन आली आहे. जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी एका पिलाला मारले. त्या पिलाची आई सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या मुलाने काही अपराध केला नसताना त्याला का मारले? त्यावर कोणी काहीच बोलले नाही, अशी नोंद आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या एका टोकाला कुत्रीचा प्रश्न आणि दुसऱ्या टोकाला कुत्र्याची सोबत. हे योगायोगाने झाले असेल असे मला कादंबरीकार म्हणून वाटत नाही.

साहेबांच्या देशांत कुत्र्याबरोबरच्या प्रवासांच्या पुष्कळ गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या काही मोठ्या गमतीच्या आहेत. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पन्नास डॉलरच्या पैजेखातर मोटारीने सारी अमेरिका ओलांडली. सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क, ६३ दिवस. तोवर हे कोणाला साधले नव्हते. वाटेत आयडाहो राज्यात त्याने बड नावाचे एक कुत्रे घेतले. धुळीने त्याचे डोळे सुजू लागले, तेव्हा त्यालाही ड्रायव्हरांसारखा चष्मा चढवला, आणि गावोगावचे लोक मोटारीआधी चष्मेवाले कुत्रे बघायला धावू लागले. पुढे १९६० साली जॉन स्टाइनबेक हा कादंबरीकार चार्ली नावाच्या आपल्या पूडल कुत्र्याला घेऊन देशभर हिंडला आणि १९६२ साली त्याने त्यावर गाजलेले पुस्तक लिहिले. वाटेत चार्ली आजारी पडला, तेव्हा स्टाइनबेकलाही मुक्काम करावा लागला. त्याने लिहिलेले सगळेच जसेच्या तसे घडले नव्हते, असे पुढे लोकांनी शोधून काढले. मूळ साक्षीदार चार्लीच. आणि तो कधी विरुद्ध साक्ष देणार नव्हता. कादंबरीकारांनी कुत्राच बरोबर न्यावा, तो याचसाठी.

पण याच जगात दुसऱ्या तऱ्हेचे प्रवासही झाले आहेत. १९११ साली अमुंडसेन दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हा त्याच्या चार घसरगाड्यांना ५२ कुत्री जुंपलेली होती. परत आली अकरा. बाकीची वाटेत मारायची आणि उरलेल्यांना व माणसांना खायला घालायची, हा हिशेब निघण्यापूर्वीच मांडलेला होता. त्या हिशेबामुळेच पाचही माणसे सुखरूप परतली, हेही खरे. मग ३ नोव्हेंबर १९५७ ला रशियाने लायकाला अंतराळात पाठवले. मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली साधी गावठी कुत्री ती. आपल्या शंटरची मावशी म्हणा. त्या यानाला परत आणण्याची सोयच केलेली नव्हती. ती काही दिवस जगली, असे तेव्हा जगाला सांगण्यात आले. उष्णतेने ती काही तासांतच गेली होती, हे २००२ साली उघड झाले. उड्डाणाआधी त्या कामावरच्या एका शास्त्रज्ञाने तिला आपल्या घरी नेले होते आणि मुलांबरोबर खेळू दिले होते.

ही शेवटची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या शास्त्रज्ञाला मी निर्दय म्हणू शकत नाही. निर्दय माणूस तिला घरी कशाला नेईल? त्याला ठाऊक होते आणि तिला ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी ती शेपूट हलवीत त्याच्या घरात शिरली असेल, दुसऱ्या कोणत्याही संध्याकाळसारखी. ‘येतो’ हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला असेल का? कोरा कागद, अंगठा आणि मजकूर ठाऊक असलेला एकच इसम. बड, चार्ली, शंटर यांच्याही कागदावर मजकूर नव्हताच. पण त्यांना नेणारे स्वतः त्याच गाडीत बसले होते. त्यांच्यासाठी थांबत होते, गादी उलगडून थंडीत निजत होते, आणि जिथे ते उतरणार तिथेच कुत्रेही उतरणार होते. माझ्यापुरता सावकाराचा प्रश्न इथे सुटतो. निदान बराचसा सुटतो.

गार्डसाहेबांचा मात्र अजून सुटलेला नाही. शंटर पहिला महिनाभर अंगणाबाहेर पडला नाही, असे ते लिहितात. मग तिथल्या कुत्र्यांशी दोन-तीन मारामाऱ्या झाल्या, दुसरा कानही मुडपला, आणि आता त्याला अर्धी गल्ली मिळाली आहे. मच्छीचे डोके खायला शिकला आहे. “पण दुपारी अंगणात बसतो आणि पश्चिमेकडे तोंड करतो. बायको म्हणते, तिकडून वारा येतो म्हणून. तसंच असेल. मी आणून बरं केलं की वाईट, ते कळायला मार्ग नाही, मास्तर.”

मोटार नव्हती तेव्हापासून कुत्री घेऊन दूरदूर हिंडणारी माणसे आमच्याच खानदेशात आहेत. धुळ्याकडचे ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की वाडे घेऊन निघतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परततात. घोड्यावर सगळा संसार लादलेला, त्यावर उलटी खाट, खाटेला बांधलेल्या कोंबड्या, एखादे कोकरू, एखादे पोर. मागून मेंढ्यांचा लोट, आणि कडेकडेने, कोणाकडे न बघता चालणारी कुत्री. लांडगा आणि बिबट्या यांच्यापासून रात्री वाडा राखायचे काम त्यांचे. ही कुत्री खिडकीतून तोंड काढून वारा खात नाहीत. ती नोकरीवर असतात, आणि भाकरीत त्यांचा वाटा ठरलेला असतो. शेतकऱ्याच्या कोणी अंगावर हात फिरवायला गेला तर गुरगुरतात. कुठे चाललो, हे त्यांनाही कोणी सांगत नाही; पण ती वाट त्यांनी आईच्या मागून चालत पाठ केलेली असते.

पारोळ्याकडचे माझ्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. खतासाठी त्यांच्या शेतात दर वर्षी ठेलाऱ्यांचा एकच वाडा मेंढ्या बसवतो. एका वर्षी वाडा उठायच्या आदल्या रात्री त्यातली एक कुत्री बांधाशी व्याली. चार पिले. वाड्याला थांबता येत नव्हते. पुढच्या शेताचा वायदा झालेला होता. म्हाताऱ्या ठेलाऱ्याने शेतकऱ्याला बोलावून कुत्री दाखवली, घोड्यावरून बाजरीचे पीठ काढून दिले आणि सांगितले, की मिरग लागायच्या आत येतो. शेतकऱ्याने पीठ घेतले नाही. कुत्री दोन दिवस वाटेकडे तोंड करून ओरडली, मग पिलांना पाजू लागली.

मिरगाच्या आठ दिवस आधी वाडा आला. म्हाताऱ्याने कुत्रीला नेले, तीन पिलांना नेले, आणि शेतकऱ्याने मागितले म्हणून एक पिलू ठेवले. ते आता चांगले थोराड झाले आहे. दर वर्षी वाडा उठतो तेव्हा ते त्या कुत्र्यांबरोबर कडेकडेने चालू लागते. त्याला कोणी बोलावत नाही आणि कोणी हाकलत नाही. शिवेवरच्या चिंचेपर्यंत जाते, तिथे थोडा वेळ उभे राहते, आणि शेतावर परत येते.